थोरली वाळूवर

शके १८६०

चैत्र वद्य ३

दीर झाला म्हणून काय झालं, विचारायची रीत असते की नाही. मी कोरीटला लग्नाच्या पंगतीला गेले तेवढ्यात नथूने चार बैल जुंपले, दोरखंड बांधला आणि थोरली नाव डोहातून ओढून वाळूवर टाकली. भर चैत्रात. तळ वर, उघडी, उन्हात. मी घाटावर येऊन बघते तर पोरं तिच्या पाठीवर बसून कैऱ्या खात होती.

विचारलं तर म्हणे, "वहिनी, साहेब उना व्हता. त्याले नाव दखाडनी पडी. पानीमा बुडेल नाव तो कशी दखी?"

साहेब मक्त्यासाठी आला होता. यंदा लोकांना पार उतरवायचा मक्ता कुणाला द्यायचा ते ठरवायला. नाव कुठं आहे म्हणाला, नथूने डोहाकडे बोट दाखवलं, साहेबाला नुसतं पाणी दिसलं. तळ कोरडा पाहिजे म्हणाला, हात लावून बघायचाय. आणि तसाच घोड्यावर बसून गेला. परत कधी येणार? तर ह्या पंधरवड्यात. दिवस नाही, वार नाही.

मग त्याच्या येण्याच्या दिवशी काढली असती. अर्ध्या दिवसाचं काम. पण नाही, ह्याला घाई.

होळी झाली की पोटात दगड भरून बुडवायची आणि ज्येष्ठात दगड काढून वर घ्यायची, हे सासऱ्यांच्या वेळेपासून चालू आहे. लाकूड पाण्यात राहिलं तर फुगलेलं राहतं. बाहेर सुकलं की फाटतं. हे काय मी नथूला सांगायचं? त्याचा जन्म त्या नावेत गेला.

म्हटलं, आज परत पाण्यात घाल. तर म्हणतो, साहेब उद्या आला तर?

पुढे नुसतं न. लिहीन. नाव लिहिताना पण चीड येते.

चैत्र वद्य ४

साहेब आला नाही.

सकाळी गोणपाटं गोळा केली. केसरीमल शेठच्या दुकानातून सरकीची फाटकी पोती आणली. ओली करून थोरलीच्या पाठीवर पसरली. वर पळसाचा पाला. मग हंडे. डोहापासून नावेपर्यंत वाळू अशी तापते की पायाला चिंध्या बांधून जावं लागतं.

शेठ पोती देताना म्हणाला, "काकी, पोती परत देवानी शे का तीसुद्धा बुडाडी देशी?" हसला. मी नाही हसले. पण पोती दिली त्याने.

चैत्र वद्य ६

खांदा धरलाय. डाव्या खांद्याने हंडा उचलवत नाही, उजव्याने उचलते.

भिकाची बायको घाटावर धुणं घेऊन येते. ती म्हणाली, "काय व माय, नावले आंघोळ घाली ऱ्हायनी का? तेल लाव, हळद लाव, नवरी व्हई जाई." बायका हसल्या. मी म्हटलं, आषाढात पूर आला की तुझ्या बापाच्या गावाला पोहत जा. तिने धुणं आपटायला घेतलं.

न. लांबून बघतो. मदतीला येत नाही, अडवत पण नाही. त्याची बायको सुभी आज दोन हंडे टाकून गेली. नवऱ्याला न सांगता आली असणार.

चैत्र वद्य ९

न. नंदुरबारला जाऊन आला. कचेरीतला पट्टेवाला म्हणाला की साहेब तळोद्याकडे दौऱ्यावर गेले, तिथून वर डोंगरात जाणार. कधी येतील? "येतील तव्हय येतील."

म्हटलं, आता तरी पाण्यात घालू. तो म्हणाला, "एकडाव काढी ती काढी. घडी घडी बैल कोन देई?" ते पण खरं आहे. बैल पाटलाचे. एकदा मागताना ह्याची मान खाली गेली असेल.

पण लाकडाला हे कोण समजावणार.

दुपारी तिच्या सावलीत बसले. लाकडाचा वास येतो, ओलं असताना वेगळा, सुकताना वेगळा. सासरे सांगायचे ते आठवलं. छप्पन्नच्या दुष्काळात दर्याकडचा एक सुतार उपाशी फिरत इथवर आला. बलसाडकडचा. मिठू मिस्त्री म्हणायचे त्याला. सासऱ्यांनी डोहात उरलेले मासे त्याला खाऊ घातले. त्या बदल्यात त्याने ही नाव बांधली. तळोद्याकडचा साग, गाडीवानाने आणून दिलेला. तापीत तेव्हा घोटाभर पाणी, माणसं झाडाची साल उकडून खात होती, आणि हे दोघं वाळूवर नाव बांधत बसले होते. लोक म्हणायचे, दोघांना उपासाने वेड लागलं.

ती नाव आमच्या नावांसारखी नव्हतीच. पुढून वर उचललेली, पोट खोल, मधे काठी, काठीला तिरपं शीड. तापीवर शीड कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही भोई बांबूने ढकलणारे, वल्ही मारणारे. मिस्त्रीने सासऱ्यांना सांगितलं, तुमच्याकडे वारा मावळतीकडून येतो आणि पाणी मावळतीकडे जातं. म्हणजे वारा वर नेईल, पाणी खाली आणेल. तुम्ही फुकट हात कशाला मोडता?

दोन पावसाळे त्याने सासऱ्यांना शिकवलं. मग गेला. परत आला नाही. त्याच्या घरचं कुणी उरलं होतं की नाही, ते कुणी विचारलंच नाही.

चैत्र वद्य १२

पाणी ओतलं. साहेब नाही.

चैत्र वद्य १३

तेच.

वैशाख शुद्ध ३, आखाजी

गिरजा काल म्हसावदहून आली. आखाजीला पोरगी माहेरी आली की घर भरतं, पण मी दिवसभर घाटावर. निंबाला झोका बांधला, पोरी गाणी म्हणत होत्या, तिकडून आवाज येत होता. मी हंडे नेत होते.

गिरजा घाटावर आली. पुरणपोळी फडक्यात बांधून आणली होती. म्हणाली, "माय, कितला दिन पानी टाकशी? नाव काय तुन्ही सासू शे का?"

म्हटलं, सासूपेक्षा बरी. बोलत नाही.

ती हसली, मग तिने पण हंडा घेतला. थोडं पाणी ओतून झाल्यावर म्हणाली, बाबाने गावोगावच्या पोरांना शीड शिकवलं. मणिबेलीचा भिल्ल शिकून गेला. मला नाही शिकवलं.

काय सांगू तिला. मला तरी कुठं शिकवलं. ह्यांच्या हातून शिकलेले ह्या नदीवर खाली कुकरमुंड्यापर्यंत आहेत. ज्येष्ठाचा वारा सुटला की पोरं यायची, वळकटी घेऊन, पडवीत झोपायची, माझ्या हातची भाकर खायची. पहिलं वर्ष शिडाला हात लावायचा नाही. फक्त पाणी उपसायचं आणि मानेवर वारा कुठून लागतो ते सांगायचं. हे शिडाकडे पाठ करून बसायचे आणि तोंडाने बोलायचे नाहीत. फळीवर काठी मारायचे. एक ठोका, दोर सोड. दोन ठोके, ओढ. घरात पण तसंच. जेवायला वाढ म्हणून सांगायचं तर ताटावर बोट मारायचे. मी म्हणायचे, मी शीड नाही.

शिकणं संपलं की शेवटची परीक्षा. भर पुरात, एकट्याने, शिडावर पार जायचं आणि नावेत स्वतःच्या आईला बसवायचं. बाकी कुणी नाही. मिस्त्रीनेच ही रीत घालून दिली म्हणतात. आई बसलेली असली की पोरगा मस्ती करत नाही आणि घाबरत पण नाही. ज्याला आई नाही त्याच्यासाठी मी बसायचे. ज्याची आई लांब त्याच्यासाठी पण मीच. किती पोरांची आई होऊन पार गेले, मोजलं नाही. पोहता मला येत नाही. डोळे मिटून पदर दातात धरून बसायचे.

गिरजाला म्हटलं, तू शिकली असतीस तर परीक्षेला मलाच बसायला लागलं असतं.

"मंग बसती नही का?"

बसले असते. तिला सांगितलं नाही.

वैशाख शुद्ध ६

फुटली.

दुपारी आवाज झाला. टाक. कुणी काटकी मोडावी तसा. मला वाटलं पोरांनी दगड मारला. पोती उचलून बघितलं तर डाव्या अंगाची, काठाखालची तिसरी फळी उभी फाटलेली. हातभर. आत बोट जातं.

पाठ मी ओली ठेवली. पण काठ वाळूत रुतलेला, त्याच्याखाली पाणी जातच नाही. वाळू खालून भाजते. हे आधी डोक्यात यायला पाहिजे होतं. नाही आलं.

न. आला, बघितलं, खाली बसला. मग मेण आणि कापूस घेऊन आला, फटीत ठासायला लागला. मी म्हटलं, मेण उन्हात वितळेल. तो म्हणाला, "मंग तू सांग काय करू. तूच सांग."

हे असते तर एक ठोका मारून सांगितलं असतं.

वैशाख शुद्ध ७

गिरजा सासरी गेली. जाताना खांद्याला तेल चोळून गेली.

वैशाख शुद्ध १०

वस्तीतले चारजण न.च्या ओट्यावर बसले होते. मला ऐकू जाईल असं बोलत होते. थोरली आता झाली, करवत लावा, दोन लहान डोंगे होतील, उरलेल्या फळ्यांची दारं. साग आहे, असा साग आता मिळत नाही.

मी वाट बघत होते न. काय म्हणतो. तो म्हणाला, "करवत लावशात तं मन्हा हात पहिले कापा."

मला बरं वाटलं. मग रागही आला. मग बाहेर काढलीस कशाला?

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, दादा जाईसन दोन वरीस व्हयनात. लोके आजून दादानीच नाव म्हनतस. शिकाडनारा दादा, मक्ता दादाना, घाट दादाना. माले कोनी इचारस का? साहेब माले बोलना. तू कोन, तुन्ही नाव कोनती, दखाड. पहिलाडाव कोनी माले इचारं. मंग मी काढी."

मी चहा ठेवला. गूळ घातला. दोघं प्यायलो.

वैशाख पौर्णिमा

साहेब आला.

तरणा आहे, घामाने भिजलेला. घोड्यावरून उतरून आधी पाणी मागितलं, माझ्याच हंड्यातलं प्याला. नावेला फेरी मारली. चाकूच्या टोकाने लाकूड टोचून बघितलं चार ठिकाणी. चाकू आत गेला नाही. "लाकूड तर चांगलं आहे," म्हणाला. मग फट दिसली. आणखी एक लहान फट मागच्या बाजूला, ती मला पण माहीत नव्हती.

त्याने विचारलं, ही फट कशाने पडली?

न. म्हणाला, उन्हाने.

मग उन्हात का ठेवली?

न. साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिला. मी पण बघत राहिले. साहेबाला त्याचं बोलणं आठवत पण नसेल. त्याच्यापुढे किती गावं, किती नावा. वाईट माणूस नाही तो. पण आमचा एक महिना गेला आणि त्याचा एक शब्द.

मग म्हणाला, वरच्या गावच्या मक्तेदाराने दोरावर ओढायची सपाट नाव आणली आहे, गाडीसकट बैल पार नेते. शिडाचं आता काय काम? न.ने सांगितलं की पुरात दोर टिकत नाही, शीड टिकतं, आणि खालच्या वरच्या सगळ्या घाटांवरची माणसं ह्याच नावेवर शिकली. साहेबाने विचारलं, कोण शिकवतं?

"मन्हा दादा शिकाडे. वारना तो."

आता कोण?

न. म्हणाला, "मी."

मी हंडा उचलला आणि डोहाकडे गेले.

परत आले तेव्हा साहेबाचं ठरलं होतं. मृग लागायच्या आत नाव दुरुस्त करायची आणि डोहात, शिडावर, वजन भरून, त्याच्या डोळ्यांसमोर ह्या काठावरून त्या काठावर नेऊन आणायची. चालली तर मक्ता आमच्याकडे आणि शिकवणंही आमच्याकडे. नाही चालली तर दोरावरची नाव. न. हो म्हणाला.

वैशाख वद्य २

तंटा.

मी म्हणते आधी पाण्यात घाल. हळूहळू भिजू दे, फळी फुगेल, फट मिटेल. उरेल तेवढ्याला कापूस आणि राळ. न.ने नंदुरबारचा सुतार आणला, तो म्हणतो लोखंडी पट्ट्या मारू, कोरड्यातच, चार दिवसांत पक्की. म्हणतो फट आतल्या फासळीपर्यंत गेली असेल तर पाण्याने मिटणार नाही, पाण्यात घातली की आणखी उघडेल आणि मग बाहेर काढायला पण येणार नाही.

मी त्याला म्हटलं, पट्टीखाली लाकूड सडतं. तो म्हणाला, "बाई, सडाले वरीसे लागतीन. तुमले आठ दिननं काम शे."

त्याचं चुकलं का बरोबर, मला खरंच माहीत नाही. मी वीस पावसाळे त्या नावेत बसले, पण डोळे मिटून. सासऱ्यांच्या वेळी एकदा अशी फळी फुटली होती, मोठ्या पुरानंतर, तेव्हा पाण्यानेच मिटली. फासळीपर्यंत गेली होती का? कोण सांगणार. ती फळी बदलली का नुसती भिजवली, हे पण दोघं दोन सांगायचे. सासरे म्हणायचे भिजवली. हे म्हणायचे बदलली.

आता थोरलीत मिस्त्रीच्या हातचं किती उरलंय कुणास ठाऊक. मागची फळी ह्यांनी घातली. काठी दोनदा मोडली. शिडं तर किती झाली, मांजरपाट दुहेरी शिवायचा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात तांबडा करायचा, ते काम माझं. माझ्या हातचंच शेवटचं शीड आढ्याला टांगलंय.

वैशाख वद्य ४

सुताराने सामान आणून टाकलं. अजून हात लावला नाही. न. हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. विडी ओढत बसतो.

हंडे चालूच. आता कशाला ओतते तेही कळत नाही. फुटायचं ते फुटलं. पण थांबले तर बाकीच्या फळ्या.

वैशाख वद्य ६

फुल्या आला. मणिबेलीहून. डोंगर उतरून, धडगावावरून, पायी. आठवड्याच्या बाजाराला आलेल्या कुणी त्याला सांगितलं की कोरीटच्या अलीकडची तांबड्या शिडाची नाव वाळूवर मरते आहे.

दाढी पांढरी झाली त्याची. मला वाकून पाया पडला. म्हणाला, "याहकी, तू बुढी व्हई गयी." म्हटलं, तू काय तरणा राहिलास का, तू पण बुढा झालास. याहकी म्हणजे त्यांच्यात आई. त्याच्या परीक्षेला मीच बसले होते. त्याची आई डोंगरातून खाली यायला तयार नव्हती, म्हणे एवढं पाणी मी बघणार नाही.

नावेजवळ गेला. वाळू खणली काठाखाली, आत हात घालून फट खालून चाचपली. खूप वेळ. मी विचारलं, फासळीपर्यंत गेली का?

"हात पुरत नही," म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं तो सांगेल पाणी का लोखंड. त्याला पण ठाऊक नाही. पण त्याने नर्मदेवर त्याची अशीच लहान नाव केली आहे, शिडाची, आणि त्याच्या घरातल्या चौघांना शिकवलं, ते सांगितलं. फळीवर ठोके मारून का, विचारलं. "मंग कशी?" म्हणाला, जशी काही दुसरी तऱ्हाच नसते.

वैशाख वद्य ७

फुल्या निंबाखाली राहतो. घरात ये म्हटलं, येत नाही. भाकर खातो, मासे स्वतः धरून आणतो, सुभीला पण देतो.

आज मी सरळ विचारलं. साहेबासमोर शीड तू धरशील का?

तो म्हणाला, "नथूभाऊ बलाई तं धरसू. नही बलाई तं नही. घाट त्याना शे."

म्हटलं, मी बोलावते, तेवढं पुरे नाही का.

"याहकी, तू जेवाले बलाव. सुकाणूवर घरना मानूस बलावस."

मृगाच्या आधी त्याला परत जायचंय. ओढे भरले की डोंगराची वाट बंद होते आणि त्याची पेरणी.

वैशाख वद्य ९

न. फुल्याशी बोलतो. तंबाखू देतो घेतो. कुकरमुंड्याची माणसं, मासा, पाऊस, सगळं बोलतात. नावेचं नाही.

सुभी मला म्हणाली, सासूबाई म्हणायच्या तशीच ती पण मला बाई म्हणते, "बाई, यास्ले रातले झोप नही येस. तुम्ही आते काही बोलू नका."

म्हटलं, मी काय बोलले गं?

ती म्हणाली, "बोल्यात नही. पन तुमले ठाऊक शे ना."

आहे ठाऊक. घाटावरच्या सगळ्या जुन्यांना ठाऊक आहे. न.च्या परीक्षेला सासूबाई नव्हत्या, वारल्या होत्या. मी बसले. मधधारेला वारा फिरला, शीड फडफडलं, त्याने दोर टाकून दिला आणि वल्हं उचललं. वल्ही मारत ह्याच काठाला परत आणली. हे काठावर उभे होते. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला धाकट्या नावेची वल्ही दिली. तेव्हापासून न. वल्ह्यावर. त्याच्याएवढं वल्हं ह्या नदीवर कुणी मारत नाही. पण शिडाचा दोर त्याने परत धरला नाही.

आणि साहेबाला म्हणाला, मी.

मी हे कधी तोंडातून काढलं नाही. आता पण काढणार नाही. पण मला हे कळत नाही की तो खरंच दोर धरणार आहे, का पट्ट्या मारायच्या की भिजवायची ह्या घोळात मृग काढणार आहे, म्हणजे धरायची वेळच यायला नको.

वैशाख वद्य ११

सुतार येऊन सामान बघून गेला. म्हणाला, अवसेच्या आत हात लावला नाही तर तो दुसऱ्या कामाला जाणार.

फुल्याने आज वळकटी बांधून ठेवली. अजून गेला नाही.

वारा सुटलाय. मावळतीचा. ज्येष्ठाचा वारा ह्या वर्षी लवकर. दोन पोरं आली वळकटी घेऊन, खालच्या गावची. शिकायला. त्यांना काय सांगू? पडवीत बसा म्हटलं. भाकरी टाकल्या.

वैशाख वद्य १२

आज न.च्या ओट्यावर गेले. तो वल्ह्याला तेल लावत होता. सुभी आत होती, दार उघडं होतं, म्हणजे ती पण ऐकत होती. ठीक आहे, ऐकू दे.

उभ्यानेच बोलले. बसले असते तर चहा आला असता आणि मग तेच.

म्हटलं, नथू, मी थकले. पाणी ओतून नाही थकले, तुझी वाट बघून थकले. तू नाव काढलीस त्याचा राग मी सोडला. पण आता तिचं काय करायचं ते तू सांग. पट्ट्या मारायच्या असतील तर मार. मी अडवणार नाही, सुताराला भाकर पण देईन. पाण्यात घालायची असेल तर बैल मी मागते पाटलाकडे, तुझी मान खाली नको. बुडाली तर बुडाली, दोष माझा. पण दोन्हीतलं काही न करता तिला वाळूवर ठेवायची आणि मृगाला साहेबापुढे हात जोडायचे, हे नाही.

तो तेल लावत राहिला. म्हणाला, "सांगसू."

म्हटलं, कधी? भिजायला आठ दिवस तरी लागतात. अवसेला कुणी बैल जुंपणार नाही. म्हणजे चौदस. परवा. सूर्य माथ्यावर यायच्या आत. दोन गोष्टी सांगायच्या. पाणी का लोखंड, ही एक. आणि सुकाणूवर कोण बसणार. तू बसणार असशील तर बस, मी नावेत येऊन बसते, साहेब असो नसो. फुल्या बसणार असेल तर तू तुझ्या तोंडाने त्याला बोलाव. तो निंबाखाली आहे, लांब नाही.

त्याने वर बघितलं. मला वाटलं आता सांगेल. पण त्याने वल्हं फिरवून दुसऱ्या बाजूला तेल लावायला घेतलं.

म्हटलं, हो म्हण नाहीतर नाही म्हण. मान हलवलीस तरी चालेल. पण चौदसला दुपारच्या आत मला उत्तर पाहिजे, नथू.